दुसऱ्याची नागीण

आमच्या दुकानातून नागिणीच्या गोळ्या ज्या माणसानं सगळ्यात जास्त वेळा नेल्या, त्याला स्वतःला नागीण कधी झालीच नव्हती. चिठ्ठीवर मात्र दर वेळी त्याचंच नाव असे. "कोणाला झाली आहे?" असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा छातीवर हात ठेवून उत्तर आलं, "मलेच." काही आठवड्यांनी पुन्हा चिठ्ठी, पुन्हा "मलेच." कधी ती कमरेला असे, कधी पाठीला, एकदा तर मांडीला. ज्याच्या कमरेला फोडांचा पट्टा उठलाय आणि आतून आग होतेय, तो माणूस मोपेडवर मासोळ्यांचा खोका बांधून गावोगाव हिंडत नाही, एवढं मला कळत होतं. पण मी फार बोलणारी नाही. गोळ्या काढून दिल्या.

पप्पांनी त्यांचं नाव नागीणभाऊ ठेवलं होतं. मोपेडचा आवाज आला की पप्पा आतूनच विचारत, "काय रे नागीणभाऊ, आज कुठी निघाली?"

"आज डाव्या बगलेत, शेठ."

"मागच्या बारीले उजव्या बगलेत होती ना?"

"ते मादी होती. हा नर हाय."

दोघं हसत. मी मान खाली घालून गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख तपासत बसे.

आमचं औषधांचं दुकान राजुऱ्याला, बसस्टँडच्या रस्त्यावर. माझी शाळा बल्लारपूरची, इंग्रजी माध्यमाची, आणि पुढे नागपूरला फार्मसी केली. घरी मराठीच बोलत होतो, पण आजारांची नावं मला इंग्रजीतच यायची. भाऊंशी बोलताना सुरुवातीला मी एकदा "हर्पिस झोस्टर" म्हणाले. त्यांनी गमछ्यानं घाम पुसला आणि म्हणाले, "मॅडमबाई, येवढ्या मोठ्या नावाची बिमारी गरिबाले कशी परवडंल? नागीणच राहू द्या." तेव्हापासून मी त्यांची मॅडमबाई झाले. मला ते नाव आवडत नव्हतं, आणि मग सवयीचं झालं.

भाऊंना एचआयव्ही होता. हे ते आमच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना, मोकळेपणानं बोलत आणि बाहेर कुठेही बोलत नसत. बायको गेली तेव्हाच्या तपासणीत दोघांचंही निघालं होतं. एकुलती एक मुलगी मात्र बिनआजाराची. तिचं लग्न त्यांनी तेलंगणात करून दिलं होतं, आणि तिच्या सासरी यातलं काही माहीत नव्हतं. गावातही नव्हतं. दर महिन्याला ते चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यातून स्वतःच्या रोजच्या गोळ्या आणत. तिथल्या बाकांवर त्यांना त्यांच्यासारखी माणसं भेटत. कोणी जिवतीच्या डोंगरातलं, कोणी बल्लारपूरच्या मिलमध्ये ठेक्यावर काम करणारं, कोणी धानाच्या गावातली नवी सून. बाकावर सगळे एकमेकांची विचारपूस करत, आणि बाजारात समोर आले तर ओळख दाखवत नसत.

एचआयव्ही असलेल्या माणसाला नागीण निघण्याचा धोका जास्त असतो. यातल्या कोणाला निघाली की भाऊंना फोन जाई. भाऊ त्या माणसाला मोपेडवर बसवून आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे आणत. डॉक्टर आतल्या खोलीत तपासत, नीट तपासत, आणि चिठ्ठीवर भाऊंचं नाव लिहीत. मग आजारी माणूस बसस्टँडवर जाऊन बसे आणि चिठ्ठी घेऊन भाऊ आमच्याकडे येत. कारण आमच्या काउंटरवर कोणत्याही वेळी कोणत्याही गावचं कोणी उभं असे. गावात नागिणीला गेरू लावतात, गोळी कोणी घेत नाही. तरण्या माणसानं नागिणीची गोळी घेतली, त्यातही दुसऱ्यांदा घेतली, की शेजारपाजार कुजबुजायला लागतो.

पुढच्या गोळ्या घरपोच जात, त्या मासोळ्यांसोबत. भाऊ डोंगराखालच्या धरणावर पहाटे जाळं टाकत आणि उन्हं वर यायच्या आत मासोळी विकायला निघत. मासोळीवाला कोणत्याही दारात थांबला तरी कोणी काऊन थांबला म्हणत नाही. बाई वाटी घेऊन बाहेर येई आणि वाटीत रोहूच्या तुकड्यांखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पट्टी जाई. एक घर माळकऱ्याचं होतं, तिथे हे चालणार नव्हतं. तर भाऊंच्या मोपेडची चेन बरोबर त्याच घरासमोर उतरायची. शेवटी घरच्या म्हातारीनं विचारलंच, "तुही गाडी इथीच काऊन बिघडते रे?" भाऊ म्हणाले, "काकी, तुमच्या दारात कडुलिंबाची सावली हाय. गाडीले बी समजते." म्हातारीनं पाणी आणायला सुनेला पाठवलं. गोळी सुनेसाठीच होती; तिलाच तर पाठवायला हवं होतं.

गोळ्यांचं म्हणाल तर आमच्याकडे दोन प्रकारच्या होत्या. एक असायक्लोव्हिर, जुनी, स्वस्त, दिवसातून पाच वेळा घ्यायची. दुसरी व्हॅलासायक्लोव्हिर. पोटात गेल्यावर तिचंही असायक्लोव्हिरच होतं, पण रक्तात जास्त उतरतं, म्हणून तीन वेळा पुरते, किमतीनं चढ. फोड कशानं लवकर सुकतात, मागची आग कशानं कमी राहते, ही दोन्हींची तुलना मी कॉलेजात पाठ केली होती. एचआयव्ही असलेल्या माणसांमध्ये अशी तुलना त्या मानानं कमीच केलेली आहे, हेही वाचल्याचं आठवत होतं. परीक्षेत मला त्या प्रश्नाला चांगले गुण पडले होते.

एकदा भाऊ गोळ्या नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी परत आले. "मॅडमबाई, हे पाच वेळची चालत नाई त्या घरात."

मी विचारलं, "का? उलटी होते का?"

"उलटी नाई. सासू हाय."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "पाच वेळची गोळी म्हणजे दिवसातून पाच वेळा खोटं बोला लागते. तीन वेळची असली त दोन खोटे वाचते. पोरगी चुलीपाशी पदराआड गोळी गिळून राह्यली, पाणी न घेता. किती दिस गिळन?"

मी डॉक्टरांना फोन केला. स्वतःहून फोन करायची ती माझी पहिलीच वेळ होती. डॉक्टर म्हणाले, तीन वेळची द्या, आणि पाणी भरपूर प्यायला सांगा. काही दिवसांनी मिलमधल्या त्या ठेक्यावरच्या कामगाराची चिठ्ठी आली तेव्हा मी शहाणपणानं आपणच विचारलं, "याला पण तीन वेळची हवी का? डॉक्टरांना विचारू?" भाऊ म्हणाले, "याले पाच वेळचीच राहू दे. एकटा राह्यते खोलीवर. दिवसातून पाच वेळा कोणी 'खाल्ली काय' म्हणून विचारल्यावानी वाटन त्याले." पुढे मी प्रत्येक चिठ्ठीला विचारायला लागले, घरी कोण कोण आहे? असा प्रश्न कोणत्याही पुस्तकात नव्हता, आणि मी तो विचारला की भाऊ फार समाधानानं उत्तर देत.

गेरूला त्यांचा विरोध नव्हता. त्यांच्या गावात एक म्हातारी नागीण उतरवायची. फोडांच्या भोवती गेरूची रेघ ओढायची, म्हणजे नागीण पुढे सरकत नाही. तिचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळलं की माणूस जातो, असं सगळे मानतात. मी एकदा म्हणाले, हे थांबवायला हवं. भाऊ म्हणाले, "काऊन थांबवता? फोडावर नको लावू, भोवतालून लाव, येवढंच सांगतो मी तिले. वरून गेरू, पोटात गोळी. गेरू लावला की माणूस गावातलाच राह्यते, मॅडमबाई. त्याले कोणी वेगळं बसवत नाई."

रोजच्या गोळीबद्दल मात्र ते कठोर होते. एचआयव्हीची गोळी एक दिवस चुकवलेली त्यांना चालत नसे. बसस्टँडवर बसलेल्या एका तरुणाला दटावताना मी त्यांना ऐकलं होतं. तो म्हणत होता, घरी लग्न होतं भाऊ, पाहुणे होते, चार दिवस राहून गेली. भाऊ म्हणाले, "मासोळी पाण्यातून चार दिस सुट्टी घेते काय रे? लग्न हाय म्हणून?" तो मुलगा खाली बघत राहिला. मी चहाचा कप परत द्यायला टपरीवर गेले होते; मीही खाली बघितलं, जणू मलाच विचारलं होतं.

पप्पा वाईट माणूस नाहीत. पण दुकानात भाऊंसाठी एक निळा प्लॅस्टिकचा ग्लास वेगळा ठेवलेला होता. पाणी पिण्यानं हा आजार लागत नाही, हे पप्पांना माझ्याआधीपासून माहीत होतं. तेच गिऱ्हाइकांना सांगत. तरी ग्लास वेगळा. भाऊ पाणी पिऊन तो स्वतः बाहेरच्या नळावर विसळत आणि खिडकीत उपडा घालत, इतक्या सहज, की जणू दुकानाची तशी पद्धतच आहे. त्या ग्लासाकडे बघायचं मी टाळत असे. रोज दुकान झाडताना खिडकी तेवढी राहून जाई.

मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला भाऊंची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. सोबत तिची सासूही आली, कारण भाऊंच्या घरी बाईमाणूस नव्हतं. नात झाली तेव्हा भाऊ पेढे घेऊन आले. त्या दिवशी त्यांनी पप्पांशी गंमत केली नाही. नातीचे पाय किती लहान आहेत, ते बोटावर मोजून दाखवत राहिले. नंतर बरेच दिवस आले नाहीत. आम्हाला वाटलं, घरात बाळ आहे, रमले असतील.

मे महिन्यात एका दुपारी ते आले. पप्पा जेवायला घरी गेले होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडच्या उन्हात सगळेच तोंड बांधतात, त्यामुळे गमछ्याचं मला काही वाटलं नाही. मोपेडवर खोका नव्हता. ते काउंटरशी आले आणि थोडे तिरपे उभे राहिले.

"नागिणीची गोळी पाहिजे. तीन वेळची."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाई."

मी थांबले. चिठ्ठीशिवाय त्यांनी कधीच काही मागितलं नव्हतं. "कोणाला झाली, भाऊ?"

"एका बाईले."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते "मलेच" म्हणाले नव्हते. मी त्यांच्याकडे नीट बघितलं. गमछा कपाळापर्यंत ओढलेला होता. उजव्या भुवईपाशी तो ओला होता आणि ओल्याच्या कडेनं गेरूचा तांबडा डाग उतरला होता.

मला कळलं. आणि कळल्याबरोबर मला इतकी लाज वाटली की मी मागं वळून कपाटातल्या बाटल्या सरळ करायला लागले. जणू चोरी त्यांनी केली नव्हती आणि मीही केली नव्हती, पण दोघंही एकाच घरात सापडलो होतो. पाठमोरीच मी विचारलं, "बाईला कुठे निघाली आहे?"

"कपाळावर."

"कोणत्या बाजूला?"

"उजव्या."

"डोळा उघडतो का तिचा?"

"सकाळपासून नाई उघडत."

"नाकाच्या शेंड्यावर फोड आहे?"

"हाय एक."

नाकाच्या शेंड्यावर फोड असला तर डोळ्याच्या आतही नागीण गेली असण्याची भीती असते, हे मी इंग्रजीत पाठ केलं होतं. मी वळले. "भाऊ, मग गोळीनं भागणार नाही. पाच वेळचीही नाही, तीन वेळचीही नाही. बाईला आजच चंद्रपूरला न्यायला हवं. भरती करून हेच औषध सलाईनमधून द्यावं लागेल, आणि डोळ्यांचे डॉक्टर बघतील. उशीर झाला तर डोळा जाईल."

"भरती नाई होणार बाई."

"का?"

"भरती झाली की घरचे भेटाले येतेत. घरचे आले की कागद वाचतेत. तिची विहीण हाय घरात, शिकलेली हाय. कागद वाचला त बाईच्या पोरीचं घर राह्यन काय?"

"आणि डोळा?"

"दुसरा हाय ना."

हे त्यांनी गंमतीनं म्हटलं होतं. मला हसता आलं नाही. पुढचा प्रश्न विचारायलाच हवा होता. "बाई रोजची गोळी घेत होती ना, भाऊ? एचआयव्हीची?"

त्यांनी काउंटरच्या काचेवर बोट फिरवलं. "घर लहान हाय. डब्बा हलवला की वाजते. बाईनं तो धरणावरच्या झोपडीत नेऊन ठेवला, जाळ्याखाली. मंग नातीच्या गडबडीत धरणावर जाणंच नाई झालं." आणि मग, फार हळू, "दोन महिने झाले."

सगळ्यांना मासोळीचं उदाहरण देणारा माणूस माझ्यासमोर उभा होता आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी म्हणाले, "बाईला थोडं पाणी देऊ का?"

मी आमचा स्टीलचा पेला भरून आणला. त्यांनी तो हातात धरला. "हा माहा गिलास नोहे."

"असू द्या."

पाणी प्यायचं तर गमछा सोडावा लागणार होता. त्यांनी तो सोडला. पापणी सुजून बंद झाली होती, कपाळावर केसांपर्यंत फोड होते आणि भोवतीनं गेरूची जाड रेघ, भुवईवरून नाकाच्या मुळापर्यंत. म्हातारीनं ती फार काळजीनं ओढलेली होती, डोळा रेघेच्या बाहेर ठेवून. भाऊ घोट घोट करून पाणी प्यायले. आम्ही दोघंही काउंटरकडे बघत होतो. कोणीच म्हणालं नाही की बाई कोण आहे.

तेवढ्यात पप्पा आले. दारातूनच त्यांनी सुरुवात केली, "काय रे नागीणभाऊ, आज—" आणि थांबले. पप्पांना मी बोलता बोलता थांबलेलं फार कमी वेळा पाहिलं आहे. ते पुढे आले, भाऊंच्या हनुवटीला हात लावून त्यांनी चेहरा उजेडाकडे वळवला आणि सोडला.

"चाल," ते म्हणाले.

"शेठ, घरी विहीण हाय."

"विहिणीचं मी पाहतो. चाल, गाडीत बस." मग माझ्याकडे न बघता, "दुकान तू पाहशील."

पप्पा तीन दिवस परत आले नाहीत. दवाखान्यात नातेवाईक म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. भाऊंच्या घरी फोन करून सांगितलं की नागीण डोळ्यात उतरली आहे, भरती केलं आहे, आणि कोणी भेटायला येऊ नका, कारण नागिणीच्या फोडांपासून तान्ह्या बाळाला कांजिण्या होऊ शकतात. हे खरंच आहे. त्यांनी ते मलाच फोन करून विचारून घेतलं होतं. विहिणीनं लगेच ऐकलं. नातीवर तिचा जीव होता. कागद पप्पांच्या पिशवीत राहिले आणि त्या घरात कोणालाच कधी काही कळलं नाही.

रविवारी मी डबा घेऊन गेले. हाताला सलाईन लावलेलं होतं, डोळ्यावर पट्टी, आणि रोजची गोळी पुन्हा सुरू झाली होती. मला बघून भाऊ उठून बसायला लागले. मी म्हणाले, पडून राहा. डब्यातलं सगळं नाव घेऊन सांगितलं. ते ऐकत राहिले. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "दुसऱ्याची माही म्हणून सांगत होतो, मॅडमबाई, तवा मान वर राहे. माही सोताची निघाली, अन् मले बाई व्हा लागलं."

पप्पा तिथेच होते. ते पाण्याची बाटली भरायला म्हणून बाहेर गेले, भरलेली बाटली घेऊन.

डोळा गेला नाही, पण राहिला असंही म्हणता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळावर धूसरपणा राहील. त्या डोळ्यानं उजेड कळे, समोर कोणी उभं आहे हे कळे, तोंड ओळखू येत नसे. मोपेडवरून खड्ड्याचा अंदाज येईना, म्हणून गावोगावची फेरी बंद झाली. मुलगी बाळाला घेऊन सासरी सुखरूप गेली. बाकावरच्या त्या माणसांना कोण गोळ्या पोचवत असेल, हे मी पप्पांना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. आम्हाला त्यांच्यातल्या कोणाचंच नाव ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी ते सगळे भाऊच होते.

त्यानंतर भाऊ दुकानात एकदाच आले, डोळ्यात टाकायचे थेंब न्यायला. एसटीनं आले होते. पप्पा उठून उभे राहिले. "या, या, आत या," म्हणाले. नागीणभाऊ म्हणाले नाहीत. नाव घेऊन, पुढे राव लावून बोलले. आतल्या खुर्चीवर बसवलं, पाहुण्यांच्या कपात चहा मागवला, नातीची चौकशी केली. निळा ग्लास त्यांनी कधीच फेकून दिला होता. भाऊ खुर्चीच्या कडेला बसले होते. इतक्या आदरानं ते आखडून गेले. त्यांनी एकदा खिडकीकडे बघितलं, जिथे तो ग्लास असायचा, आणि चहा अर्धा ठेवून उठले. मला वाटत होतं, पप्पांनी एकदा तरी विचारावं, आज कुठी निघाली? पण पप्पांनाही आता ते जमणार नव्हतं. त्यांनाही लाज वाटत होती, आणि ती झाकायला ते फार गोड बोलत होते.

मग भाऊ आलेच नाहीत. पप्पा फोन करत, ते "येतो ना शेठ, येतो" म्हणत. थेंब ते गडचांदूरच्या दुकानातून नेतात, असं औषधं पोचवणाऱ्या एका माणसाकडून कळलं. पप्पा म्हणाले, "त्याले तेच जवळ पडते." गडचांदूर त्यांना जवळ पडतं हे खरं आहे. पण ते पूर्वीही तेवढंच जवळ होतं.

या हिवाळ्यात मी एका नातलगांकडच्या बारशाला गडचांदूरला गेले होते. परतीच्या बससाठी स्टँडवर आले तर पानटपरीपाशी भाऊ उभे होते. गमछा खांद्यावर होता. कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत पांढुरका वण. माझी गाडी त्यांच्या पलीकडे लागलेली होती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. चांगल्या डोळ्यानं, सरळ. ओळखलंही. मग कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी त्यांनी सावकाश मान वळवली आणि उजवी बाजू माझ्याकडे केली.

त्या डोळ्यानं समोर कोणी आहे एवढंच कळतं, तोंड ओळखू येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी त्याच बाजूनं चालत गेले, इतक्या जवळून की त्यांच्या गमछ्याचा मासोळीचा वास आला, आणि काही न बोलता गाडीत चढले.